वारा नसताना आलेली लाट

समुद्रकाठच्या एका गावात एक नाखवा राहायचा. तरुणपणी तो मोठ्या जहाजांवर खलाशी होता, लांबलांबचे समुद्र बघून आलेला. कुणी वादळाचा विषय काढला की तो ऐटीत सांगायचा, "जपानकडे येतं ते टायफून. अमेरिकेच्या बाजूला हरिकेन. आपल्या पूर्वेच्या समुद्रात चक्रीवादळ, तेही दिवाळीच्या आगेमागे. आणि आपल्याकडे? आपल्याकडे नुसता वारा!"

लोक माना डोलवायचे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला, की गावाच्या लेखी समुद्र घरचाच.

या नाखव्याच्या घरी नवी सून आली, पूर्व किनाऱ्यावरची. बोलायला कमी, पण डोळे उघडे ठेवून पाणी भरणारी. दसरा झाल्यावर एका सकाळी ती अंगणात सुकत घातलेले बोंबील उचलून आत आणू लागली.

"अगं, ऊन बघ किती कडक पडलंय!" सासू म्हणाली.

"आमच्याकडे अशा दिवशी आत घेतात."

"तुमच्याकडची वादळं तुमच्याकडे. रुखवतात मांडली नव्हती ती, बाई!"

सून उरलेले बोंबील आत नेत राहिली. पण नवरा होडी लोटायला निघाला, तेव्हा ती दारात येऊन लाटांकडे बघू लागली. मासळी उसळली होती, सगळं गाव निघालं होतं. नव्या नवरीनं नवऱ्याला 'जाऊ नका' म्हणावं, तर गावाला वर्षभर हसायला विषय. मग तिनं थेट सासऱ्यालाच गाठलं.

"मामंजी, एक विचारू? झाडाचं पान हलत नाहीये. मग ही एवढी लांब, जड लाट पाठवतंय कोण?"

नाखवा हसायला गेला आणि हसू ओठांवरच राहिलं. अशी लाट त्यानं पाहिली होती. जपानकडे, टायफूनच्या आदल्या दिवशी. सकाळपासून तीच त्याच्या दारात आपटत होती, पण 'ही तिकडची' म्हणून त्यानं ओळखच दाखवली नव्हती.

"होडी वर ओढा!" तो मुलावर ओरडला.

शेजारी पोट धरून हसला. "नाखवा आता सुनेच्या पदराआडून दर्या बघतो!"

"हस, बाबा. पण किनाऱ्यावर बसून हस."

बाकीच्यांनी नाखव्याकडे बघून आपापल्या होड्या ओढल्या. शेजारी ऐकतो कसला! एकटाच गेला.

दुपार कलली तसं आभाळ तांबूस झालं आणि मग असा वारा सुटला, की माडांचे शेंडे जमिनीला टेकले. शेजारी एका फळीला धरून कसाबसा किनाऱ्याला लागला. होडीचं म्हणून जे काही उरलं होतं, ते ती फळी.

"पण आपल्याकडे तर..." तो धापा टाकत म्हणाला.

"वादळाला ते कुणी सांगितलं नव्हतं," नाखवा म्हणाला आणि त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

चुलीपाशी सासूनं सकाळचे बोंबील भाजायला घेतले. सुनेकडे न बघताच म्हणाली, "तुमच्याकडे आणखी काय काय आत घेतात, ते सांगून ठेव हो."

तात्पर्य: संकट परक्या मुलखाचं म्हटलं, म्हणून ते तिथेच राहत नाही. खूण ओळखीची असली, की ती कुठली हे विचारत बसू नये.