पंचांची डुलकी

मुलांनो, एका वनात इतकं दाट धुकं उतरत असे की, सकाळ कधी संपली आणि दुपार कधी लागली हे तिथल्या प्राण्यांना कळतच नसे. तळ्यातली कमळं अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी उमलत, काठची झाडं पाण्यात स्वतःलाच बघत उभी राहत. अशा या सुस्त, सुंदर वनाची राखण रानकुत्र्यांकडे होती. ते शूर होते. त्यांच्या धाकाने बिबट्या तळ्याकडे फिरकत नसे, म्हणून सारं वन त्यांना मानत असे.

पण हळूहळू राखणदारांचा रुबाब वाढला. ते पाण्यावर येणाऱ्या लहानसहान जिवांना दरडावू लागले, "कोण तू? कुठून आलास?" गव्याला कुणी विचारत नसे, सशाला मात्र रोज विचारत. तक्रार करावी तर ती राखणदारांकडेच; म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार! शेवटी प्राण्यांनी ठरवलं की, प्रत्येक आळीने आपला एक पंच निवडायचा आणि पंचांनी राखणदारांना जाब विचारायचा. मत म्हणून प्रत्येकाने एक पान टाकलं; ज्याच्यापुढे जास्त पानं पडली, तो पंच झाला. बिळांच्या आळीने म्हातारा ससा निवडला, झाडांच्या आळीने खार, कड्याच्या आळीने पारवा आणि तळ्याकाठच्या आळीने कासव. चौघेही मनाने चांगले होते. इथवर सगळं छान झालं. मग रानकुत्र्यांचा नायक अदबीने म्हणाला, "पंचमंडळी, दवात कशाला कुडकुडता? आमची गुहा उबदार आहे." पंचांना ते पटलं आणि सभा गुहेत भरू लागली. पंच निवडून दिले म्हणजे आपलं काम संपलं असं समजून बाकीचे प्राणीही घरी गेले.

एके दिवशी माळावरचे सगळ्यांच्या वाट्याचे कंद कुणीतरी उकरून खाल्ले. त्या वाटेने पाण्याला निघालेलं एक साळिंदर राखणदारांनी धरलं, माळाजवळच्या खड्ड्यात टाकलं आणि खड्ड्याच्या तोंडावर शिळा लोटली. "याच्या पायांना माती आहे," एवढाच पुरावा. आता तळ्याकाठी राहून कुणाच्या पायांना माती नसते, तुम्हीच सांगा! साळिंदराची बायको धावत गुहेच्या दारी आली, पण पहारेकऱ्याने तिला बाहेरच थांबवलं. आत पंचांसाठी मऊ गवत अंथरलं होतं, पोटभर मोहाची फुलं वाढली होती. गुहेच्या तोंडाशी धुकं तरंगत होतं आणि दूर कुठेतरी पाणी झुळझुळत होतं. पंचांच्या पापण्या जडावल्या. नायकाने हळूच विचारलं, "चोर धरला आहे, पंचांची हरकत नाही ना?" डुलकीत चारही माना खाली झुकल्या. "पंचांनी होकार दिला!" नायक म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मला तर त्या चौघांचा भारी राग येतो. पण उबेत बसून पेंगायला किती गोड वाटतं, हेही मला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी साळिंदरीण पहारेकऱ्याला न जुमानता आत शिरली. "पंचांनो, माझे धनी तीन दिवस पाण्यावाचून आहेत," ती म्हणाली. "काल हाकेला ओ देत होते. आज देत नाहीत. तुमची झोप झाली असेल तर चला."

म्हातारा ससा दचकून जागा झाला. त्याला स्वतःची लाज वाटली. "सभा इथे नको," तो उठत म्हणाला. "कंद जिथे उकरले, तिथेच भरवू या."

"एवढ्या दवात?" पारवा कुरकुरला, पण तोही निघाला. वाटेत खारीने झाडाझाडावरून हाका घातल्या, तशा चारही आळ्या मागे आल्या. माळावर कासवाने एकेक ढेकूळ निरखून पाहिलं. मग ते नायकाला म्हणालं, "इथे तर खुरांचे ठसे आहेत. साळिंदराला खूर कधी फुटले?"

ठसे रानडुकराचे होते आणि तीन दिवस तिथेच होते. नायक गुरगुरला, "आम्हाला असे प्रश्न विचाराल, तर बिबट्या आल्यावर तुम्हाला कोण वाचवेल?"

"तुम्हीच वाचवाल," ससा म्हणाला. तो मागे सरला नाही. "तुम्ही शूर आहात, राखण तुमचीच. पण कुणाला धरलंत, तर त्याच दिवशी, त्याच जागी, सगळ्यांसमोर कारण सांगायचं. आता ती शिळा काढा."

नायकाने सभोवार पाहिलं. चारही आळ्या धुक्यात उभ्या होत्या, कुणीही घरी जायला निघालं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि स्वतः शिळा ढकलली. साळिंदर धडपडत वर आलं. त्याला उभं राहवेना. बायकोने त्याला टेकू देत पाण्यापर्यंत नेलं आणि ते कितीतरी वेळ नुसतं पीत राहिलं. तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंचांनो, तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली.

"उपकार कसले, बाई?" ससा खालच्या आवाजात म्हणाला. "तू पहिल्या दिवशी आलीस, तेव्हाच आम्ही उठायला हवं होतं."

तात्पर्य : राखणदाराला जाब विचारणाऱ्याने राखणदाराच्या उबेला बसू नये, आणि ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांनीही निश्चिंत होऊन घरी जाऊ नये.