न विझलेला दिवा

एकदा एक भरभराटीची पेठ होती. पेठेत धान्यसंघ होता आणि संघाचे मुख्य कारभारी होते अवधूतराव. त्याच पेठेत लिंगाप्पा नावाचे वृद्ध राहत. पेवं, म्हणजे जमिनीखाली खणलेली धान्याची कोठारं, लिंपावी कशी नि उघडावी कशी, ही विद्या त्यांच्यापाशी होती. भैरू हा त्यांचा शिष्य, आणि चंपाबाई ही भैरूची आई.

अवधूतरावांची कीर्ती काय सांगावी. बारा गावांची ज्वारी त्यांच्या चाळीस पेवांत. ते रस्त्याने निघाले की माणसं वहाणा काढून उभी राहत. त्या वर्षी त्यांनी दवंडी पिटवली, घरातलं बियाणंही संघात ठेवा, पेरणीला सव्वापट देऊ.

चंपाबाईने दोन दुष्काळांत पोटाला चिमटा घेऊन बियाण्याची आठ पोती राखली होती. भैरूने ती गाडीत घातली.

"बियाणं उंबऱ्याबाहेर जात नसतं रे," ती म्हणाली.

"आई, तू अवधूतरावांवर संशय घेतेस? देवावर घे एकवेळ."

ती पोत्यांशेजारी गाडीत चढून बसली.

संघाच्या पटांगणात गर्दी लोटली होती. अवधूतराव म्हणाले, "चाळिसांतलं कुठलंही पेव निवडा. वर्षापूर्वी लिंपलेलं आहे. तुमच्या देखत उघडू." लोकांनी सतरावं निवडलं. माती फोडली, शिळा सरकवली. रिवाजाप्रमाणे लिंगाप्पांनी दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा पुरुषभर खाली गेला नि ज्वारीवर टेकला. ज्योत हलेना. तिच्या उजेडात दाणे मोत्यांसारखे चमकत होते.

लोकांनी हात जोडले. कुणी म्हणालं, "लक्ष्मी जागी आहे बघा." अवधूतराव हसले, "आमच्या पेवात दिवासुद्धा विझत नाही."

लिंगाप्पांनी मात्र दोरी सोडून दिली. मग शिष्याला म्हणाले, "भैरू, गाडी माघारी वळव."

"का, बाप्पा? समोर दाणा दिसतोय की."

भैरू चारच महिने शिकत होता. पेव लिंपणं त्याला येत होतं, उघडणं त्याने पाहिलेलं नव्हतं. वृद्ध हळूच म्हणाले, "दाणा जिवंत असतो, बाळा. तोंड लिंपलं की तो आतल्या आत श्वास घेतो आणि वर्षभरात सगळी हवा पिऊन टाकतो. भरल्या पेवात दिवा विझलाच पाहिजे. माझा थोरला भाऊ दिवा न सोडता उतरला, तो वर आलाच नाही. हा दिवा जळतो आहे. या वरच्या थराखाली श्वास घेणारं काही नाही."

भैरूने दोर धरला नि तो उतरला. वीतभर ज्वारी हाताने सारली. खाली वाळू होती. त्याने ओंजळ भरून वर आणली आणि लोकांपुढे धरली.

चाळीसही पेवं उघडली. चाळीसही दिवे जळत राहिले. ज्वारी केव्हाच परमुलखात विकली गेली होती, आणि बाकीच्यांनी आधीच आणून दिलेलं बियाणंही तिच्याबरोबर गेलं होतं. न्यायसभेने अवधूतरावांना दोषी ठरवून बारा वर्षांची कैद सुनावली.

नेताना त्यांनी लिंगाप्पांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. तोवर मीही वहाणा काढून उभा राहत होतो. रावसाहेब, तुम्ही चाळीस पेवं लिंपवलीत, एकही उघडताना पाहिलं नाहीत. वरून बघणाऱ्याला काय दिसेल, एवढंच तुम्ही शिकलात."

शिष्याकडे वळून वृद्ध म्हणाले, "त्यांना हसू नकोस. आपण सगळ्यांनी दिव्याला हात जोडले. ज्योत का जळते, हे कुणी विचारलं नाही."

बारा गावांत बियाणं उरलं होतं ते चंपाबाईच्याच गाडीत. तिने ते शेर शेर करून घराघरांत वाटलं. त्या साली पीक असं आलं की कणसांनी ताटं वाकली. गावांनी नवं पेव खणलं आणि त्याची राखण भैरूच्या घराला पिढ्यान् पिढ्या दिली.

वर्षाने ते उघडलं. भैरूने दिवा सोडला. तो हातभर आत गेला नि विझला. चंपाबाईने त्या काळोखाला वाकून नमस्कार केला, आणि तेव्हापासून त्या घराला कशाची वाण पडली नाही.