शेंदूर लावलेलं मुसळ

गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही. बरंच झालं! लायकीच तेवढी होती त्याची.

त्याने फर्मान काढलं, की घरात कुणी भात कांडायचा नाही. सगळा भात राजाच्या कांडणशाळेत न्यायचा आणि निम्मे तांदूळ तिथेच ठेवून यायचे. पोरं पेजेवाचून रडू लागली. शेवटी बायकांचं डोकं फिरलं. मुसळं घेऊन त्यांनी राजवाड्याचा दरवाजा फोडला. पहिला घाव घातला गोजरा नावाच्या बाईने. राजा मागच्या दाराने जो पळाला, तो पुन्हा दिसला नाही.

दरवाजा फुटेपर्यंत चार शहाणे लांब झाडाखाली उभे होते. आता ते पुढे आले.

"हे मुसळ साधंसुधं नव्हे," ते म्हणाले. "ही आपल्या बंडाची खूण. आजपासून मुसळमत हाच आपला मार्ग!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोजरानेही वाजवल्या, खोटं कशाला बोला!

मग नियम झाले. मिरवणुकीत मुसळाचं लोखंडी टोक वर धरायचं की खाली, यावरून दोन तट पडले. खाली धरणाऱ्यांना फितूर म्हणून गावाबाहेर काढलं. मुसळांना शेंदूर फासून देवळात ठेवलं. असल्या पवित्र मुसळाने भात कांडणं म्हणजे तर महापाप! मग भात न्यायचा कुठे? त्याच कांडणशाळेत. दारावरची पाटी तेवढी बदलली होती, 'लोकांची कांडणशाळा'. निम्मे तांदूळ मात्र अजूनही तिथेच राहायचे.

त्या वर्षी गोजराची लेक बाळंत झाली. पेज पुरेना, अंगावर दूध येईना. नात रडून रडून थकली आणि गप्प पडून राहू लागली. ते गोजराला सोसवेना. भर दुपारी ती देवळात शिरली, आपलं मुसळ उचललं, पदराने शेंदूर पुसला आणि अंगणात येऊन भात कांडू लागली.

चौघे शहाणे एका पहारेकऱ्याला घेऊन धावत आले.

"अगं ए, थांब! ज्या मुसळाने राजाला हटवलं, त्याचा हा अपमान? बंडाची वैरीण आहेस तू!"

"मुसळाने नाही हटवलं, आम्ही हटवलं," गोजरा म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "आणि पोरांच्या पोटासाठी हटवलं. माझी नात मरायला टेकली आणि तुम्ही पूजा कसली करताय?"

"धरा हिला!"

"धरा की! कांडण झाल्याशिवाय मी जागची हलायची नाही."

पहारेकरी जागीच उभा राहिला. त्याच्याही घरी तान्हं होतं. तेवढ्यात त्याचीच बायको सूपभर भात घेऊन आली आणि गोजराच्या शेजारी बसली. मग सारी आळी आली. संध्याकाळपर्यंत देवळात एक मुसळ उरलं नाही आणि कांडणशाळेत भाताचा दाणा गेला नाही.

नातीच्या आईला पोटभर पेज मिळाली. चौघा शहाण्यांना स्वतःचा भात स्वतः कांडावा लागला. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या हातांना फोड आले.

बोध एवढाच: बंडाचं नाव घेऊन जो आपल्याला उपाशी ठेवतो, तोही राजाच, आणि त्यालाही हटवायचंच असतं.