फ्रीजमध्ये ठेवलेल्या पिशव्या

“पण चाचा, एसी बंद, खोली तापलेली... पिशव्या तशाच उघड्यावर सोडायच्या होत्या का मी?”

डॉ. शार्दूलने विचारलं ते ठसक्यात. सुवर्णपदक मिळवून रक्तपेढीत शिकायला आलेला गडी. आणि शिकवणार कोण, तर तीस वर्षं तिथंच टेक्निशियन असलेले दस्तगीरचाचा! त्याला ते खटकतच होतं.

झालं होतं असं, चाचा जेवायला गेले आणि वीज गेली. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेटच्या पिशव्या सतत हलत्या ठेवणारं यंत्र थांबलं. त्या गार ठेवायच्या नसतात, हे त्यानं वाचलं होतं. पण उकाड्यानं तो घाबरला आणि दोन्ही पिशव्या त्यानं फ्रीजमध्ये ठेवल्या.

परत आलेल्या चाचांनी एक पिशवी उजेडासमोर धरली, हलकेच हलवली. चांगली असली की आत धुकं फिरल्यासारखं दिसतं. इथं काहीच फिरलं नाही. दुसरीतही नाही.

“गारठल्या, डॉक्टर. आता अंगात गेल्या तरी टिकायच्या नाहीत.”

“पण तारीख तर परवापर्यंतची आहे.”

चाचांनी पिशवी पुन्हा हलवून त्याला दाखवली.

“वॉर्डात कस्तुरा वाट बघतेय, चाचा! तेरा वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर. सकाळपासून नाकातलं रक्त थांबत नाहीये. या दोन सोडून पिशवीच नाही आपल्याकडे!”

चाचांनी पिशवी त्याच्या हातात दिली.

“मग जा, चढवा. तिच्या आईला सांगा, आता थांबेल म्हणून.”

शार्दूल दारापर्यंत गेला. तिथंच उभा राहिला...

“चुकलं माझं, चाचा.”

“हं.”

“आता तिला द्यायचं काय?”

चाचांनी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटवलं, रक्तगट वाचला; कस्तुराचाच होता. मग रक्तदात्याच्या खुर्चीवरची चादर झटकली.

“मी?”

शार्दूलला घाम फुटला. शिबिरांत लोकांना ‘घाबरू नका’ म्हणणाऱ्यानं स्वतः कधी सुई टोचून घेतली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो खुर्चीत जाऊन बसला.

वीज आली. तपासण्या झाल्या, सुई टोचली. रक्त यंत्रात जायचं, प्लेटलेट तेवढ्या काढून घेऊन परत यायचं. पण सारखं अडत होतं. शार्दूलने डोळे मिटून मूठ गच्च आवळली होती.

“पुरतील ना तिला? आणि चाचा, उरल्याच तर या वेळी त्या ठेवायच्या कशा...”

“मूठ उघडा, डॉक्टर.”