सज्ज्याखाली

“पण बाई, मला शिष्य करून घेणार की नाही, ते तरी सांगा!”

श्रीरंग दाबके पुण्यात टँगो शिकवत. तिथे दुसऱ्या कोणाला तो नाच येत नसल्यामुळे, दाबक्यांना येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. टँगोतल्या नामवंत गुरू ओफेलियाबाईंचे शिष्य म्हणवून घ्यायला ते नोकरी सोडून ब्युनोस आयर्सला आले होते. क्लासची नवी पाटी मात्र निघण्यापूर्वीच रंगवून झाली होती.

ऐंशीच्या घरातल्या बाईंनी शाल पांघरली.

“चल, मला आमचा भाग दाखव.”

“मी? तुम्ही तर जन्मापासून इथेच...”

“म्हणून तर.”

बाईंनी त्यांच्या कोपरात हात अडकवला. दोघं सान तेल्मो या जुन्या वस्तीच्या दगडी गल्ल्यांतून निघाली. दाबक्यांनी या वस्तीवर इतकं वाचलं होतं, की ती फक्त ताडून पाहायची उरली होती.

“या हवेल्या बघा. पिवळ्या तापाची साथ आली आणि श्रीमंत मंडळी उत्तरेकडे पळाली. मग एकेका खोलीत एकेक कुटुंब...”

“हं. माझा जन्म तसल्याच खोलीतला.”

“तेच सांगतोय मी!” दाबके म्हणाले. “आणि हा सज्जा...”

सज्जा दाखवायला त्यांनी हात सोडवून घेतला. सज्ज्यावरून ते त्याच्या लोखंडी जाळीवर आले, जाळीवरून लोहारांवर आणि लोहारांवरून थेट टँगोच्या जन्मावर. टँगोत बाई डोळे मिटून, पुरुष नेईल तशी चालते, हेही त्यांनी बाईंना सांगितलं. पाय चालत होते, तोंडही. चौकात पोचल्यावर ते शाबासकीसाठी वळले.

मागे कोणी नव्हतं.

दाबके धापा टाकत परत आले. बाई त्याच सज्ज्याखाली उभ्या होत्या. अडकवलेला हात वाकवून तसाच धरलेला... हवेत.

“हाक तरी मारायची, बाई!”

“नाचताना हाक मारतात का रे?”

दाबक्यांनी आपल्याबरोबर आजवर नाचलेल्या बायकांपैकी एकीचा तरी चेहरा आठवतो का, ते पाहिलं. गिरक्या सगळ्या आठवल्या...

ते बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आपला हात त्यांनी हळूच त्या वाकलेल्या हाताखाली नेला.

मग हातावर थोडं वजन आलं.

“आता... कुठे जायचं, बाई?”

बाईंनी भर रस्त्यात डोळे मिटून घेतले.

“मला काय विचारतोस? मला कुठे दिसतंय?”