भुऱ्याचं दार

फार पूर्वी, भाताच्या खाचराच्या बांधाखाली उंदरांची वस्ती होती. दारं पुष्कळ, पण आत सगळी बिळं एकमेकांना जोडलेली. बाहेरून येणाऱ्याने दारावर शेपटी आपटायची, मग आतल्याने दाराची माती काढायची, अशी त्यांची खूण होती.

धामण ती खूण शिकली आणि एका बिळातली सगळी पिल्लं गिळून गेली. तेव्हा उंदरांनी खूण बदलली. आता दारातली काडी कुरतडायची. धामणीला कुरतडता येत नाही.

म्हातारा भुऱ्या मात्र जुन्याच खुणेवर दार उघडायचा. “माझ्या दारातून आजवर कोणी शिरलं नाही. ही नवी थेरं हवीत कशाला?”

“काका, मग दार कायमचं लिंपून तरी टाका,” शेजारची टिचकी म्हणाली. भुऱ्याने ते कानाआड केलं.

बाकीचे तिलाच म्हणाले, “जाऊ दे गं. त्याचं दार, तो बघून घेईल. आपली दारं पक्की आहेत ना?”

कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, भुऱ्याच्या दारावर शेपटी आपटली.

“आलो, आलो,” म्हणत त्याने माती काढली.

बाकीचे पहारेकरी आपापल्या पक्क्या दारांशी, बाहेर तोंड करून, डोळ्यांत तेल घालून बसले होते.

धामण त्यांच्या पाठीमागून आली.