बांधावरचा काळा माणूस

तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात होते, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एक राज्य होतं. त्या राज्यातून एक नदी वाहायची आणि त्या नदीने माणसांचे दोन भाग केले होते. अलीकडच्या काठावर राहायचे ते अलीकडचे, पलीकडच्या काठावर राहायचे ते पलीकडचे. अलीकडचे रंगाने उजळ, पलीकडचे काळेकुळकुळीत. बाकी भूक दोघांनाही लागायची, पोरं दोघांचीही रडायची, आणि काटा रुतला की दोघंही आईचंच नाव घ्यायचे. पण हे अलीकडच्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणहून लक्षात यावं इतका विचार करायची त्यांना सवय नव्हती.

पलीकडचे मूळचे पाथरवट. कुठल्याशा राजाने त्यांना दूर मुलखातून आणलं होतं, नदीवर बांध घालायला. त्यांनी दगड फोडले, वाहिले, रचले. बांध उभा राहिला आणि त्यांना सांगण्यात आलं, आता बांधावर पाय ठेवायचा नाही. एखादा दगड निखळला तर बोलावू तेव्हा यायचं, दगड बसवायचा आणि उतरायचं. पाणी आधी अलीकडच्या शेतांना, उरलं तर पलीकडे. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

याच राज्यात तुळसा नावाची एक गवळण होती. ती अलीकडची. बाई सरळ होती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही तिच्यावर उगाच डोळे वटाराल. तिने दुधात कधी पाण्याचा थेंब घातला नाही आणि बोलण्यात कधी खोट्याचा. गावात दोघी भांडल्या की म्हणायच्या, "तुळसाला विचारा." तुळसाने सांगितलं की भांडण मिटायचं. या गोष्टीचा तिला मनातून अभिमानही होता, आणि का नसावा?

तुळसाचा गोठा बांधाच्या पायथ्याशी होता. उन्हाळ्याचे दिवस. एका पहाटे ती धार काढत असताना म्हैस बिथरली, म्हणून तिने मान वर केली. पूर्व नुकती तांबडी झाली होती. बांधावर कुणीतरी उभं होतं, पाणी सोडायच्या मोरीपाशी वाकलेलं. तुळसाने पाहिलं, आणि म्हशीने लाथ झाडली म्हणून पुन्हा चरवीकडे वळली. थोड्या वेळाने पाण्याचा असा काही लोंढा आला की तिला म्हशी सोडून पळावं लागलं.

मोरीची फळी निघाली होती. लोकांनी धावत जाऊन, पोती टाकून, कशीबशी मोरी बुजवली. पण तोवर अर्धं पाणी वाहून गेलं होतं. पुढे सगळा वैशाख पडलेला. गाव भ्यालं, आणि भ्यालेल्या माणसांना नेहमी जे लागतं ते त्यांना लगेच लागलं. दोष द्यायला कुणीतरी हवं होतं.

"हे काम पलीकडच्यांचं," एकजण म्हणाला. मग सगळेच म्हणाले. पलीकडच्यांतला लखमा नावाचा तरुण मागल्याच महिन्यात मोरीचे दगड बसवायला आला होता. जाताना तो म्हणाला होता, "आमच्या हातचा बांध, आणि आमचीच घागर कोरडी." एवढं पुरेसं होतं. दुपारपर्यंत लखमाचे हात बांधून त्याला न्यायसभेत आणलंही.

न्यायसभा भरायची देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, पिंपळाच्या सावलीत. चौथऱ्यावर फक्त अलीकडच्यांनी बसायचं. पलीकडच्यांनी पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभं राहायचं. आणि तिथे आणखी एक चाल होती. पलीकडचा माणूस काहीही बोलला तरी तो शब्द सभेला ऐकू आला असं धरायचं नाही. अलीकडच्या कुणीतरी पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि तेच बोलणं आपल्या तोंडाने म्हणायचं. याला म्हणायचे शब्द उचलणं. उचललेला शब्द पारखून घेतल्याशिवाय निकालावर शिक्का उठवता येत नसे. मात्र शब्द खोटा निघाला, तर जी शिक्षा बोलणाऱ्याला तीच उचलणाऱ्याला. त्यामुळे झालं काय, की कित्येक वर्षांत कुणी कुणाचा शब्द उचलला नव्हता.

न्यायाधीशांनी तुळसाला पुढे बोलावलं. न्यायाधीश वयस्क होते, वाईट नव्हते. फक्त त्यांना लवकर जेवायची सवय होती.

"तुळसाबाई, तुम्ही पहाटे बांधावर कुणाला पाहिलंत?"

"एका माणसाला पाहिलं, महाराज."

"दिसायला कसा होता?"

तुळसाने आठवून पाहिलं. जे डोळ्यांपुढे आलं ते सांगितलं. "काळा होता."

सभेत एकच कुजबुज झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "म्हणजे पलीकडचाच ना?"

इथे तुळसा जरा अडखळली. पण काळा म्हटल्यावर दुसरा कोण असणार? सगळे तिच्याकडे पाहत होते, माना डोलवत होते. ती म्हणाली, "हो, असेल."

लिहिणाऱ्याने 'असेल' गाळलं आणि 'हो' लिहिलं.

खालून एका बाईचा आवाज आला. ती लखमाची आई होती. "माझं लेकरू तापाने फणफणलं होतं. रात्रभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. तो उठून उभा राहू शकत नव्हता, बांधावर कसा जाईल?"

न्यायाधीशांनी चालीप्रमाणे विचारलं, "कुणी शब्द उचलतं का?" चौथऱ्यावरचे सगळे पिंपळाची पानं न्याहाळू लागले. तुळसाही. चांगल्या घरच्या माणसांनी पायऱ्यांखाली बघायचं नसतं, असंच ती लहानपणापासून शिकली होती.

निकाल लागला. लखमाला जन्मभर किल्ल्याच्या अंधारकोठडीत टाकायचं आणि पलीकडच्यांची सगळी वस्ती राज्याबाहेर हाकलायची. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की शिक्का उठवायचा.

तुळसा घरी आली. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. तरी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या पहाटे ती गोठ्यावर गेली. खालच्या वाटेवर पाण्याने चिखल झाला होता. तुळसा धारेला बसली आणि सवयीने तिची नजर वर गेली. तांबड्या आभाळाखाली, बांधावरून, काळाकुट्ट माणूस तिच्याकडेच येत होता.

लखमा सुटला, तिच्या मनात आलं. साक्ष दिली म्हणून माझा जीव घ्यायला आला. तिने दावं टाकलं, खुंटा उपटला आणि दाराआड दबा धरून बसली. पावलं उतरली, जवळ आली. तुळसाने खुंटा उगारला.

"तुळसे, अगं मारतेस की काय मला?"

दारात तिच्या थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. आता या जाऊबाईंबद्दल सांगायलाच हवं. गावात त्यांच्याइतकं गोरं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतः दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या कानावर घालत. उन्हात निघाल्या तर डोक्यावर पदर, त्यावर सूप.

"तुम्ही होतात बांधावर?" तुळसाने विचारलं.

"मग काय त्या चिखलातून येऊ? मोठी चरवी घरीच विसरलीस, ती द्यायला आले. आणि ही आमची बक्षिसी."

तुळसाने त्यांचा हात धरून त्यांना परत बांधावर पाठवलं. जाऊबाई कुरकुरत चढल्या. मागे उगवतीचा उजेड होता. त्या वर पोचल्या आणि त्यांचं गोरेपण कुठल्या कुठे गेलं. ना नाक दिसे, ना डोळे, ना लुगड्याचा रंग. नुसती एक काळी आकृती, आणि ती अजून कुरकुरत होती.

तुळसा मटकन खाली बसली. तिला रडू आलं. आपण काय पाहिलं होतं आणि काय बोलून आलो, हे तिला त्या घडीला कळलं. मग उन्हं वर आलेली दिसली तशी तिने डोळे पुसले आणि म्हशींची धार तशीच सोडून ती धावत सुटली.

ती पोचली तेव्हा न्यायाधीश शिक्का शाईत बुडवत होते.

"महाराज, थांबा. माझी साक्ष अर्धी राहिली."

"काल तर तुम्ही काळा म्हणालात."

"आजही काळाच म्हणते. पण त्या वेळी बांधावर तुम्ही जरी उभे असतात, तरी काळेच दिसला असतात."

सभेतले काहीजण हसले. एकजण म्हणाला, "पलीकडच्यांनी हिच्या म्हशीला चारा घातलेला दिसतोय." न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुळसाबाई, दिलेली साक्ष फिरवता येत नाही. चाल म्हणजे चाल."

"मग दुसरी चाल आहेच की," तुळसा म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.

शब्द खोटा ठरला तर अंधारकोठडी, हे तिला माहीत होतं. तिचा नवरा वरून तिला हाका मारत होता. खालच्या पायरीवर दगड तव्यासारखा तापला होता. हे लोक इथे रोज कसे उभे राहतात, असा विचार तिच्या मनात आला, आणि असा विचार पहिल्यांदाच आला याची तिला लाज वाटली.

ती लखमाच्या आईशेजारी उभी राहिली. आई म्हणाली, "काल का नाही उतरलीस?"

"काल मी खाली पाहिलंच नाही, बाई."

तुळसा वर तोंड करून मोठ्याने बोलली. "माझं लेकरू तापाने फणफणलं होतं. रात्रभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो बांधावर गेला नाही. मी हा शब्द उचलते."

शिक्का बाजूला ठेवावा लागला. न्यायाधीश त्या दिवशी जेवायचेच विसरले. संध्याकाळी त्यांनी दवंडी पिटवली, उद्या पहाटे सगळ्यांनी गोठ्यापाशी जमावं.

पहाटे गाव जमलं. बांधावर तिघंजण एकामागून एक चालत आले. तिघंही सारखे काळे. गोठ्यापाशी तुळसा उभी होती, तिने विचारलं, "यातलं पलीकडचं कोण, ते सांगा."

लोकांनी डोळे बारीक केले. काल हसलेला इसम पुढे झाला. "शेवटचा. चालच सांगते ना, चोरटी चाल आहे. आमच्या नजरेतून सुटायचा नाही." बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला. कुणी म्हणालं, नाकसुद्धा त्यांच्यातलंच दिसतंय.

तिघंही खाली उतरले. पहिल्या जाऊबाई होत्या. दुसरी लखमाची आई. तिसरे, चोरट्या चालीचे, न्यायाधीश.

"गुडघा दुखतो माझा," ते म्हणाले. "नाकाचं मात्र आजच कळलं."

कुणीही हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लाजत होते. न्यायाधीश म्हणाले, "अजून दोघा-चौघांना वर पाठवून बघू. पाटकरीबुवा, तुम्ही जा."

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला सोडून देणारा. मोरीची किल्ली त्याच्याच हाती. उजळ, शिडशिडीत, देवभोळा माणूस. त्याने बांधाकडे पाहिलं आणि तो जागीच खाली बसला.

"मला वर पाठवू नका, महाराज. त्या पहाटे मीच होतो."

जावयाच्या उसाला पाणी हवं होतं. पाळी नव्हती. म्हणून कुणी उठायच्या आत तो गेला, फळी उचलली, आणि ती हातातून निसटून प्रवाहात गेली. तो घाबरून पळाला. हे सगळं तो मान खाली घालून सांगत होता.

न्यायाधीशांचा आवाज चढला. "एका निर्दोष पोराला कोठडीत टाकत होतो आम्ही. तुम्ही सभेतच बसला होतात. बोलला का नाहीत?"

"भ्यालो, महाराज. आणि मला कुणी विचारलंही नाही. मोरीची किल्ली माझ्याकडे, पण सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं."

हे मात्र न्यायाधीशांच्या वर्मी लागलं. ते तसेच बंदिशाळेत गेले आणि लखमाच्या हातांची दोरी त्यांनी स्वतः सोडली. पोरगं तापाने वाळलं होतं. न्यायाधीश म्हणाले, "आमच्याकडून अन्याय झाला." लखमा म्हणाला, "आधी पाणी द्या." तुळसाने चरवीतलं दूध पुढे केलं. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तेव्हा तो प्यायला.

त्या दिवसापासून शब्द उचलायची चाल बंद झाली. ज्याचा शब्द त्याने बोलायचा, चौथऱ्यावर सावलीत उभं राहून, आणि सभेने तो ऐकायचा. त्या उन्हाळ्यात जे पाणी उरलं होतं ते दोन्ही काठांना सारखं वाटलं गेलं. पाटकरीबुवांनी पाऊस पडेपर्यंत पलीकडच्यांच्या घागरी खांद्यावरून वाहिल्या. अलीकडचे एका दिवसात शहाणे झाले असं मी म्हणणार नाही. काहीजण पुढेही नाक मुरडत राहिले. पण त्यांची पोरं बांधावर खेळायला जायची, दोन्हीकडची, आणि संध्याकाळी हाका मारताना आयांना आपलं कुठलं ते ओळखता यायचं नाही.

न्यायाधीशांनी आणखी एक नियम केला. साक्षीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, "काय दिसलं?" आणि त्याच्या पाठोपाठ विचारायचं, "काय दिसलं नाही?" त्या राज्यात पुढे किती राजे झाले आणि गेले, पण दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय कुणालाही शिक्षा झाली नाही.

लहानथोर मंडळींनो, बोध एवढाच: जे आपल्याला दिसलं नाही, ते दुसऱ्याच्या कातडीचा रंग बघून भरून काढू नये.